बंगल्यातल्या आक्काचा दहावा

माझा आवाज मोठा हाय, तेवढं आधीच सांगते. बावीस वर्षं झाली, पिठाची गिरणी चालवायले मी. पट्ट्याच्या घरघरीत 'दळण कोणाचं' म्हणून वरडून वरडून घसा असा झालाय की घरात मीठ जरी मागितलं तरी शेजारणीला वाटतं, लागलं नवरा-बायकोचं भांडण. गिरणीवाल्या रेणुकाचं तोंड लय, असं गाव म्हणतं. हाय, लय हाय. पण ज्या दिवशी ते उघडायला पाहिजे होतं, त्या दिवशी मी मिटून बसले. ती शरम अजून माझ्या अंगावरनं उतरली न्हाई.

गोष्ट पंचफुलाची हाय. आमचं गाव झरीच्या पुढं, जिंतूरचा रस्ता सोडून जरा आत. गिरणी गावाच्या कडेला, मागं ओढा. पंचफुला रोज दुपारी यायची अन् गिरणी झाडायची. पगार न्हाई. खाली सांडलेलं पीठ झाडून जमा करायचं, चाळून घ्यायचं, तेवढीच तिची कमाई. त्या पिठात ज्वारी, गहू, डाळ, सगळ्या गावाचं दळण मिसळलेलं असायचं. मी गमतीनं म्हणायचे, पंचफुला, तुझ्या भाकरीला अख्ख्या गावाची चव. ती हसायची. हसताना तोंडावर पदर घ्यायची, कारण पुढचे दोन दात पडलेले.

पंचावन्नच्या आसपास असेल ती. वीस वर्षांची असताना नवऱ्यानं दुसरी केली अन् हिला माहेरी आणून सोडलं. पंचमीपुरतं म्हणून सोडलं, ते सोडलंच. तवापासून थोरला भाऊ लिंबाजी, त्याच्या घरात. घरात म्हणजे गोठ्याला लागून एक खोली, तिथं. लिंबाजी वाईट माणूस न्हाई, हात उगारला न्हाई त्यानं कधी. भावजय कमलबाई, तीबी उपाशी ठेवायची न्हाई. ताट वाढून गोठ्याच्या कोनाड्यात झाकून ठेवायची अन् जायची. जेवलीस का, असं कोणी इचारायचं न्हाई, एवढंच. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं का न्हाई, ह्याचा गावात दरवर्षी घोळ. नवरा जित्ता, म्हणून सवाशीण. टाकलेली, म्हणून नको. घोळ मिटेपर्यंत संक्रांत निघून जायची. मी तरी कुठं बोलवलं तिला? मीबी त्यातलीच.

आता मालिकेचं सांगते, त्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. माझा नवरा नागनाथ, त्यानं गिऱ्हाईक धरून ठेवायला गिरणीच्या पुढच्या खोलीत टीव्ही बसवला. साडेतीनला 'बंगला' लागायचा. मालिकेचं नाव भलतंच लांब होतं, आमी बंगलाच म्हणायचो. डोंगरावरचा काळा बंगला, बारा महिने तिथं धुकं अन् इजा. दिवा लावला की वाऱ्यानं इझायचा. बंगल्यात सगळी माणसं एकमेकांवर डूख धरून. माळी होता एक मुका, त्याला कोणी जवळ करायचं न्हाई. मालकाची मेलेली पहिली बायको आरशात दिसायची, तर तिचा नवरा आरशावर चादर टाकून मोकळा. पंचफुला म्हणायची, बघा, भूत होऊनबी बिचारीला कोणी धड भेईना.

अन् होती आक्का. मालकाची थोरली बहीण, लग्न न झालेली, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायची. तिचं ताट दाराबाहेर ठेवून नोकर निघून जायचा. आमचा सगळ्यांचा जीव नव्या सुनेवर, ती कवा हसते, कवा रडते, कोणती साडी नेसते. त्या अर्ध्या तासात मी गिरणी बंद ठेवायचे, म्हणजे बघा किती येड होतं. पंचफुलाला सुनेशी देणंघेणं न्हाई. ती झाडू मांडीवर घेऊन खाली बसायची अन् एखाद्या दिवशी उशीर झाला तर आल्या आल्या एकच इचारायची, आक्का जेवली का आज? बायका हसायच्या. मी सगळ्यात मोठ्यानं. तिचं ताट अन् आक्काचं ताट, हे माझ्या डोक्यात कधी जुळलंच न्हाई. बावीस वर्षं पीठ पाहिलं, माणूस काही पाहिलं न्हाई.

मागल्या वर्षी आषाढात आक्का मेली. म्हणजे मालिकेत. बंगल्याच्या बाहेरच्या जिन्यावरनं ढकललं तिला कोणीतरी, खाली दरी, वर धुकं. बायका म्हणल्या, बरं झालं, पांढऱ्या पायाची गेली. दुसऱ्या दिवशी पाहावं तर बंगल्यात सुनेच्या डोहाळजेवणाचा थाट. कोणी रडलं न्हाई, कोणी आक्काचं नावबी काढलं न्हाई. पंचफुला त्या दिवशी भाग संपल्यावर उठलीच न्हाई. मी गिरणी चालू केली तरी ती तिथंच. मला म्हणाली, आग न्हाई दिली का तिला? मी म्हणलं, बये, टीव्हीतली बाई ती, पगार घेऊन घरी गेली असंल. ती मान हलवून झाडायला लागली.

आक्का मेल्याच्या दहाव्या दिवशी पंचफुला सकाळीच आली. कधी न्हाई ते केस धुतलेले, पातळ धुतलेलं. हातात वाटी. म्हणाली, रेणुका, ओंजळभर पीठ दे. मी झाडलेल्या पिठाच्या डब्याकडं बोट केलं. तर म्हणाली, खालचं नको. वरचं दे.

बावीस वर्षांत तिनं वरचं पीठ मागितलं न्हवतं. मी तिची थट्टा केली, कोण पाहुणे यायलेत म्हणून इचारलं. तिनं वाटी पुढं केली. मी दिलं माझ्या घरच्या दळणातलं. ती वाटी पदराखाली झाकून मागं ओढ्याकडं गेली. मला राहवतंय व्हय? माझी पोरगी अर्पिता कॉलेजला सुट्टी म्हणून घरी होती, तिला बसवलं गिरणीवर अन् मी गेले मागोमाग. बाभळीच्या आडोशाला, दहा-बारा पावलांवर उभी राहिले.

तिनं धोंडा धुतला, त्या पिठाचा पिंड केला, दही घातलं. पदर डोक्यावर घेऊन बाजूला बसली. आक्काचा दहावा घातला होता बयेनं! बाभळीवर तीन कावळे होते, पण एकबी खाली येईना. आपल्यात कावळा शिवला न्हाई की जाणाऱ्याच्या मनातलं ओळखून शब्द द्यायचा असतो, पोरांना सांभाळतो, पोरीचं लग्न करतो, काय असंल ते. पंचफुला शब्द द्यायला लागली. मला हसू आवरेना. मी मोबाईल काढला अन् व्हिडिओ सुरू केला.

ती मोठ्यानं बोलायली होती. कोणी रडलं न्हाई म्हणून राग धरू नगा, म्हणाली, मी रडले. आता तुमी सुखानं जा. हितं गुतून राहू नगा. तरी कावळा येईना. मग ती आणखी मोठ्यानं बोलली. दोन मिनिटांचा व्हिडिओ झाला. बायकांच्या ग्रुपवर मी दीड मिनिटाचाच पाठवला. शेवटचा अर्धा मिनिट कापला. का कापला ते सांगते पुढं, आत्ता जीभ वळत न्हाई. खाली लिहिलं, ओळखा बघू, पिंड कोणाचा? हसणारी तोंडं टाकली चार.

संध्याकाळपर्यंत गावात पसरलं. बायकांच्या ग्रुपवरनं पोरांच्या, पोरांच्यावरनं पाहुण्यांच्या. कोण्या येड्यानं त्याला गाणं जोडलं. तिथवर सगळी गंमतच होती. पण त्याच आठवड्यात लिंबाजी परभणीला दवाखान्यात पडून होता, शुगर वाढून चक्कर आलेली. अन् मी लिहिलेलं, ओळखा बघू. लोकांनी ओळखलं. भाऊ दवाखान्यात, अन् बहीण ओढ्यावर पिंड ठेवून म्हणायली, आता तुमी सुखानं जा. थोरल्या भावाला ती तुमीच म्हणायची. आक्काचं नाव दीड मिनिटात कुठंच न्हवतं.

जित्या माणसाचा पिंड म्हणजे काय असतं, हे मी सांगायला नको. कमलबाईनं दवाखान्यातनं फोनवर आक्रोश मांडला. पाच दिवसांनी लिंबाजी घरी आला, तोंडाचं पार चिपाड झालेलं, अन् दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं नवरा-बायको गिरणीवर आले. आठ-दहा बायका दळणाला बसलेल्या. पंचफुला कोपऱ्यात झाडायली होती. तिनं घरी खरं काय ते सांगितलं होतं, बंगल्यातल्या आक्काचा पिंड म्हणून. कमलबाई म्हणाली, टीव्हीतल्या बाईचा पिंड कोण पाडतं? आमाला येडं समजली का ही?

लिंबाजी मला म्हणाला, "रेणुका, तू तिथं व्हतीस. पिंड कोणाचा, काय म्हणली ती, तू ऐकलंस का?"

एका शब्दाचं काम होतं. तो अर्धा मिनिट माझ्या मोबाईलमध्ये होता, मोबाईल माझ्या कमरेला होता. काढून दाखवलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पंचफुलानं झाडू थांबवला अन् माझ्याकडं पाहिलं. बायकाबी पाहायला लागल्या.

मी म्हणलं, "मला न्हाई ऐकू आलं, भाऊ. गिरणीच्या आवाजानं कान गेलेत माझे."

पंचफुलानं उरलेला कोपरा झाडला, पीठ डब्यात भरलं अन् झाडू भिंतीला टेकवून गेली. दुसऱ्या दिवसापासून लिंबाजीनं तिला आखाड्यावर नेऊन ठेवलं. आखाडा म्हणजे त्यांच्या रानातलं पत्र्याचं शेड, गावापासून दीड कोस. खताच्या गोण्या, औषधाचा पंप, अन् आता ही. सालदार दोन दिवसाआड पीठ-मीठ देऊन यायचा. घरात अपशकून नको, असं लिंबाजी म्हणाला. गाव म्हणलं, बरोबर हाय त्याचं.

कापलेल्या अर्ध्या मिनिटात काय होतं, ते आता सांगते. पंचफुला म्हणाली होती, "बंगल्यातल्या आक्का, माझी फिकीर करू नगा. तुमच्यावानी माझं व्हनार न्हाई. माझ्यामागं गिरणीवाली रेणुका हाय. ती करल माझं."

माझं नाव ऐकलं अन् माझं हसू जाग्यावर थांबलं. पण लाजेनं थांबलं, मायेनं न्हाई. मनात आलं, हे बायकांनी ऐकलं तर मला चिडवून खातील. झाली बघा रेणुका टाकलेल्या बाईची वारस, म्हणतील. नागनाथची बहीण कमलबाईच्या भावाला दिलेली, तिकडनं टोमणे येतील. म्हणून कापलं. अन् एकदा कापलं म्हणल्यावर सगळ्यांसमोर काढायची हिंमत झाली न्हाई. काय मोठं कारण होतं? काहीच न्हाई. एका बाईचं घर गेलं अन् मी टाळलं काय, तर माझं चिडवणं.

सावन गेला, भादवा गेला. महालक्ष्म्या झाल्या. झाडायला कोणी न्हवतं, मीच झाडायचे. खाली सांडलेलं पीठ डब्यात भरून ठेवायचे अन् किडे झाले की म्हशीपुढं टाकायचे. रानात पाऊस लागून राहिला की पत्र्यावर किती आवाज होत असंल, असं मनात यायचं, अन् मी अर्पितावर खेकसायचे, पोरीचा काही गुन्हा नसताना. जावं त्याच्या वंशा तवा कळे म्हणतात. मी दीड कोस जाऊन आले न्हाई तीन महिन्यांत.

अन् मग दसऱ्याच्या आधी बंगल्यात आक्का आली.

जित्ती! मालिकाच ती, तिथं मेलेली माणसं येतातच. दरीत कोण्या धनगरानं वाचवलं म्हणे. खोली भरून बायका बसलेल्या, मी गिरणी बंद केलेली. आक्का मोठ्या दारातनं आत आली. पातळ फाटलेलं, कपाळावर जखमेचा वण. मला वाटलं, आता सगळे धावतील, भाऊ गळ्यात पडंल. तर सगळे जेवायला बसलेले. भावानं मान वर करून पाहिलं अन् नोकराला म्हणाला, हिचं ताट वर ठेव. झालं. इजा चमकल्या, वारा सुटला, आक्का एकेक पायरी चढून वर गेली. कुठं होतीस, असं त्या बंगल्यातल्या एकानं इचारलं न्हाई.

बायका टाळ्या वाजवायल्या, आली बया परत म्हणून. मला तिथं बसवेना. उठून मागं ओढ्यावर गेले. तो धोंडा तिथंच होता. मी रडले. तीन महिने कोरडी फिरत होते, त्या धोंड्यापाशी रडले.

रात गेली की हिंमत जाईल म्हणून त्याच घडीला मोबाईल काढला. ग्रुपवर तो अर्धा मिनिट टाकला. खाली लिहिलं, पिंड बंगल्यातल्या आक्काचा होता, ऐका. ह्या खेपेला हसणारं तोंड कोणी टाकलं न्हाई. कोणी काहीच टाकलं न्हाई, नुसत्या पाहिल्याच्या निळ्या खुणा होत गेल्या, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी एकटाच आला. गिरणी चालू होती, बायका होत्या. त्यानं काहीतरी इचारलं, पट्ट्याच्या आवाजात मला खरंच कळलं न्हाई. मी खटका पाडला. गिरणी हळूहळू थांबली.

"आधी का न्हाई दावलंस?" तो म्हणाला. "तवा मी इचारलं व्हतं."

"माझे कान चांगले हायत, भाऊ," मी म्हणलं. "तवाबी चांगले व्हते. मला सगळं ऐकू आलं व्हतं."

मला वाटलं लिंबाजी शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, तूच घालवलीस, आता तूच आण. अन् खाली मान घालून गेला. तोबी माझ्याएवढाच शरमला होता, पाठीवरनं कळत होतं.

मी चालत गेले आखाड्यावर. गाडीवर नागनाथनं सोडलं असतं, पण चालत जावंसं वाटलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. पंचफुला शेडच्या सावलीला बसून मूग निवडायली होती. वाळली होती लय. मला पाहून उठली अन् आधी पाण्याचा तांब्या दिला. मी आले का, कशाला आले, काही इचारलं न्हाई. मला कुठनं सुरू करावं सुचेना, म्हणून जे सोपं होतं ते आधी बोलले. म्हणलं, पंचफुला, आक्का जित्ती हाय, काल परत आली.

तिच्या तोंडावर असं काही उजळलं की मी पाहतच राहिले. पदर तोंडावर घेऊन हसली.

"तरीच कावळा शिवला न्हाई," म्हणाली.

मग पुन्हा खाली बसून मुगातला एक खडा काढला, बाजूला टाकला अन् इचारलं, "कुठं व्हतीस म्हणून कोणी इचारलं का तिला?"

मी म्हणलं, न्हाई. त्यापुढं माझा मोठा आवाज गेला. हळूच, पाया पडल्यासारखं सांगितलं सगळं. कसं कापलं, का कापलं, त्या दिवशी गिरणीवर लिंबाजीला खोटं कसं सांगितलं, मला सगळं कसं ऐकू आलं होतं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "बाभळीमागं तू उभी व्हतीस, तुझं लुगडं दिसायलं व्हतं. कावळ्याला कशाला वरडून सांगावं लागतंय? तुलाच ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले मी. गिरणी चालू व्हती ना."

मूग निवडून झाले. तिनं ते पिशवीत भरले, पिशवी माझ्या हातात दिली अन् शेडला कडी घातली. गाव येईपर्यंत ती पुढं चालत होती अन् मी मागं.